पाहुणे परतले, कोठी भरली का?

(‘वाटेवरच्या गोष्टी’ या भाषणमालेतील भाषण)

भात झोडून झालं असेल, हात जरा मोकळे असतील, तर दहा-पंधरा मिनिटं बसा. गटाच्या बैठकीत ऐकत असाल तर आधी चहाचं आधण ठेवा आणि मग ऐका. आजची गोष्ट आपल्याच वाटेवरची आहे, सिद्धगडच्या वाटेवरची.

दरवर्षी २ जानेवारीला पहाटेच्या थंडीत सिद्धगडाच्या पायथ्याशी माणसं जमतात. कुणी मुरबाडहून येतं, कुणी कर्जतहून, कुणी कल्याण-बदलापूरहून. हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या स्मारकावर फुलं वाहतात, घोषणा देतात आणि उन्हं वर यायच्या आत परतीला लागतात. त्या दिवशी पायथ्याच्या गावांत चहाची भांडी चुलीवरून उतरत नाहीत. इतर दिवशी येतात ते डोंगर चढणारे. पाठीवर पिशव्या, पायात जाड बूट, हातात काठी. ते शनिवारी रात्री येतात, रविवारी गड चढतात आणि उतरल्यावर विचारतात, “मावशी, जेवायला काय मिळेल?”

२०२० च्या मार्चमध्ये हा प्रश्न विचारणारं माणूस एकाएकी दिसेनासं झालं. मग काही महिन्यांनी एक-दोन दिसले, मग दहा, मग गाड्यांच्या रांगा. पाहुणे परत आले, हे तर दिसतंच आहे. ते परत आले तेव्हा आपल्या घरात काय आलं, हे मला आज तुम्हाला विचारायचं आहे. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

दोन हजार वर्षांची वाट

आपल्याला वाटतं, पर्यटन हे आत्ताचं खूळ. पण आपला मुरबाड तालुका वाटसरूंच्या जिवावर फार जुन्या काळापासून जगत आलाय. वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाट चढून वर गेलात तर डोंगर फोडून केलेली वाट लागते. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेनं जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीचा रांजण म्हणून तो ओळखला जातो. शेजारच्या लेण्याच्या भिंतींवर जो लेख कोरलाय, तो सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखात यज्ञांची आणि दानाची मोजदाद आहे. किती गायी दिल्या, किती नाणी दिली, सगळं आकड्यांत. आपल्या डोंगरातला सगळ्यांत जुना हिशेब एका बाईच्या नावानं लिहिलेला आहे, हे लक्षात ठेवा. पुढे आपल्याला हिशेबाकडेच यायचंय.

वाट चालू असली की वाटेवरच्या गावांना चार पैसे मिळतात. वाट थांबली की गावंही थांबतात. वाट अनेक कारणांनी थांबते. राज्य बदलतं, रेल्वे दुसरीकडून जाते, दरड कोसळते. आणि साथ येते.

प्लेगची साल

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगचे रुग्ण सापडले. डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी तो रोग ओळखला. तेव्हा मुंबईची वस्ती आठ लाखांच्या आसपास होती. पुढच्या पाच-सहा महिन्यांत जवळजवळ निम्मं शहर रिकामं झालं. माणसं रेल्वेनं, बैलगाडीनं, पायी आपापल्या गावी निघाली. कल्याण जंक्शनवर गाड्या थांबवून प्रवाशांना तपासत. ताप दिसला की माणूस उतरवून घेत. बायकांना परक्या पुरुषानं हात लावून तपासायचं, म्हणून तेव्हा किती घरांत संताप झाला असेल, याची कल्पना करा.

फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारनं साथीच्या रोगांचा कायदा केला. त्या कायद्यानं सरकारला प्रवासी तपासण्याचे, माणसं वेगळी ठेवण्याचे मोठे अधिकार मिळाले. त्याच वर्षी मुंबईहून निघणारी हजची यात्राही बंद केली गेली. आणि याच साथीत, १० मार्च १८९७ ला, सावित्रीबाई फुले गेल्या. पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांनाच लागण झाली. साथ आली की शुश्रूषा बाईच्या वाट्याला येते, हे तेव्हाही खरं होतं.

तो १८९७ चा कायदा पुढे सव्वाशे वर्षं टिकला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं कोरोनासाठी जे निर्बंध घातले, ते याच कायद्याचा आधार घेऊन.

प्लेगनंतर वीस-बावीस वर्षांनी, १९१८ च्या जूनमध्ये, इन्फ्लुएंझाची साथ मुंबईत उतरली. पहिलं महायुद्ध चालू होतं, जहाजं येत-जात होती. पहिली लाट साधी वाटली. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट भयंकर होती आणि ती रेल्वेच्या रुळांवरून गावोगाव पसरली. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला, धान्य महागलं. हिंदुस्थानात एक कोटीपेक्षा जास्त माणसं गेली. अभ्यासक सांगतात की आपल्याकडे त्या साथीत पुरुषांपेक्षा बायका जास्त दगावल्या. कारण शोधायला लांब जायला नको. आजाऱ्याच्या उशाशी बाई बसलेली, आणि सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलं तर जेवणारीही तीच.

या दोन्ही साथी गेल्या. गाड्या पुन्हा भरल्या, यात्रा पुन्हा भरल्या. १९०७ मध्ये नेरळहून माथेरानला छोटी रेल्वे सुरू झाली आणि मुंबईचे लोक हवा खायला डोंगरावर जाऊ लागले. म्हणजे वाट पुन्हा चालू होते, हा आपला जुना अनुभव आहे. पण दोन साथींच्या मधल्या काळात कुणी काही साठवून ठेवलं का? इथंच भाई कोतवालांची आठवण येते.

माथेरानचा मुलगा आणि धान्याची कोठी

माथेरान हे गावच पाहुण्यांसाठी वसलेलं. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेत ते भरलं आणि साहेबांची, शेठलोकांची उन्हाळी वस्ती तिथं झाली. अशा गावात १ डिसेंबर १९१२ ला नाभिक समाजातल्या एका गरीब घरात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. शिकले, वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. पाहुण्यांच्या गावात राहून त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. बंगल्यांतली चैन पाहिली होती आणि त्या चैनीसाठी ओझी वाहणारे, घोडे हाकणारे, घरकाम करणारे लोकही पाहिले होते.

कर्जतच्या खेड्यांत त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. आणखी एक काम केलं, ते आपल्यासारख्या बचतगटाच्या बायकांनी पाठ करून ठेवावं असं आहे. त्यांनी धान्याच्या कोठ्या उघडल्या. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की शेतकरी सावकाराच्या दारी जायचा आणि सुगीला दीडपट-दुप्पट फेडायचा. कोतवालांनी सांगितलं, गावाची कोठी करा, सुगीला त्यात भरा, अडचणीला त्यातून घ्या. आपल्या बचतगटाची रीत याहून काय वेगळी आहे? पैशाच्या जागी धान्य, एवढंच.

१९४२ च्या लढ्यात कोतवालांनी ‘आझाद दस्ता’ उभारला. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. सरकार मागे लागलं. सिद्धगडाच्या रानात ते साथीदारांसह लपले होते. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी वेढा दिला. गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. कोतवाल अवघे तीस वर्षांचे होते.

आज स्मारकाशी येणारा जो तो बंदुकीची गोष्ट सांगतो. कोठीची गोष्ट फार कमी जण सांगतात. मला आज कोठीचीच सांगायची आहे.

सगळं थांबलं तेव्हा

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला, लोकल थांबल्या आणि २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी लागली. त्याआधीच मार्चच्या मध्यात परदेशी पर्यटकांचे व्हिसा थांबवले होते, लेणी आणि किल्ले बंद केले होते, देवळांना कुलपं लागली होती.

आपल्याकडे ते दिवस कसे गेले, तुम्हाला ठाऊक आहे. गावांच्या वेशीवर काटे, ओंडके टाकले. शहरातून आलेल्या पोरालाही आईनं आधी शाळेत चौदा दिवस राहायला सांगितलं. वीटभट्ट्यांवरची कातकरी कुटुंबं अडकली, काही चालत परतली. शहापूरहून जाणाऱ्या नाशिक महामार्गावर मे महिन्याच्या उन्हात डोक्यावर बोजं घेतलेल्या माणसांची रांग लागली होती. ते गड पाहायला निघालेले नव्हते, हजार-दीड हजार किलोमीटर दूरच्या आपल्या घरी निघाले होते. महामार्गाकडेच्या लोकांनी त्यांना पाणी दिलं, खिचडी दिली. वाटसरूला पाणी द्यायची आपली रीत त्या भीतीच्या दिवसांतही सुटली नाही, ही आपल्या भागाची खरी श्रीमंती.

त्या वर्षी आषाढी १ जुलैला होती. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. ज्या वाटेनं लाखो पावलं जातात, त्या वाटेवरच्या चहावाल्या, फुलं-माळा विकणाऱ्या, घरात वारकरी उतरवून घेणाऱ्या बायांचं त्या वर्षाचं उत्पन्न गेलं.

देशाचा आकडा सांगते. २०१९ मध्ये भारतात १ कोटी ९ लाख परदेशी पाहुणे आले होते. २०२० मध्ये ते साधारण २७ लाखांवर आले आणि २०२१ मध्ये १५ लाखांवर. जगभरात २०१९ मध्ये १४६ कोटी लोकांनी दुसऱ्या देशाचा प्रवास केला होता, दुसऱ्या वर्षी तो आकडा ४० कोटींच्या आसपास उतरला.

आपल्या दक्षिणेला श्रीलंका आहे. तिथं २०१८ मध्ये २३ लाख पर्यटक आले होते. २०१९ च्या एप्रिलमध्ये बॉम्बस्फोट झाले, मग साथ आली आणि २०२१ मध्ये दोन लाखसुद्धा आले नाहीत. परदेशी चलन आटलं. त्यात सरकारचे इतर निर्णय चुकले, कर्ज डोईजड झालं आणि २०२२ मध्ये तिथल्या बाया गॅसच्या सिलिंडरसाठी दिवसदिवस रांगेत उभ्या राहिल्या. पाहुण्यांच्या पैशावर फार टेकून राहिलेलं घर आणि तसा देश, दोघांची अडचण सारखीच असते.

पाहुणे परतले कसे

परत येणं एका दिवशी झालं नाही. कसं कसं झालं ते क्रमानं ऐका, कारण त्यात आपल्याला शिकण्यासारखं आहे.

सप्टेंबर २०२० च्या सुरुवातीला महाराष्ट्रात जिल्हा ओलांडायचा ई-पास बंद झाला. घरात कोंडलेली माणसं गाडी काढून निघाली. ती लांब गेली नाहीत. विमान नको, रेल्वे नको, हॉटेल नको, जवळचा डोंगर बरा, असा तो काळ होता. ऑक्टोबरच्या २१ तारखेपासून लोकलमध्ये बायकांना ठरावीक वेळात बसायला परवानगी मिळाली. नोव्हेंबरमध्ये पाडव्याला देवळं उघडली. त्याच महिन्यात माथेरानला अमन लॉजपासूनची छोटी गाडी फिरू लागली. डिसेंबरात अजिंठा-वेरूळची लेणी उघडली.

वाटलं, संपलं. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि सगळं पुन्हा बंद. ती लाट पहिलीपेक्षा घरात जास्त शिरली. ज्यांनी पहिल्या उघडझापीत कर्ज काढून टपरी थाटली होती, त्यांचं दुहेरी नुकसान झालं. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही लशी घेतलेल्यांना लोकल मिळाली. ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, देवळं पुन्हा उघडली. आणि नेमकं त्यानंतर एसटीचा संप लागला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. कल्याणपर्यंत लोकल येत होती, पण पुढे मुरबाड-धसईकडे यायला एसटी नाही. गाडीवाले आले, एसटीनं येणारे राहिले.

मार्च २०२२ च्या अखेरीस परदेशी विमानं नेहमीसारखी सुरू झाली. २ एप्रिलला गुढीपाडव्याला राज्यातले सगळे निर्बंध उठले. त्या वर्षी वारी पुन्हा पायी चालली. २०१९ च्या पावसात खचलेली नेरळ-माथेरान रेल्वेही ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा धावली. परदेशी पाहुणे २०२२ मध्ये ६० लाखांच्या वर गेले, २०२३ मध्ये ९० लाखांच्या वर. जगाचा आकडा २०२४ मध्ये १४० कोटींपर्यंत पोचला, श्रीलंकेतही वीस लाखांवर पर्यटक आले.

यातून एक गोष्ट दिसते. आधी आला तो जवळचा पाहुणा. कल्याणचा, डोंबिवलीचा, ठाण्याचा, मुंबईचा. परदेशी पाहुणा सगळ्यांत शेवटी आला. मोठी हॉटेलं परदेशी पाहुण्याची वाट पाहत बसली, तेव्हा आपल्या डोंगरातल्या भाकरीला गिऱ्हाईक होतं. म्हणजे साथीनंतर पहिली संधी आली ती आपल्या दारात.

मग पैसा कुठं गेला?

संधी दारात आली खरी, पण पैसा दारात थांबला का? जून २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पर्यटनासाठी कर्जाला हमी दिली. प्रवासी कंपन्यांना १० लाखांपर्यंत, नोंदणी असलेल्या वाटाड्यांना १ लाखापर्यंत. चांगली गोष्ट. पण मला सांगा, गडावर वाट दाखवणाऱ्या आपल्या पोराकडे नोंदणी होती का? पहाटे पाचला उठून वीस माणसांची पोळी-भाजी करणारी बाई कुठल्या वहीत होती? साथीत ज्यांचं उत्पन्न गेलं त्यांची यादी करायची म्हटलं, तर तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. जिची नोंद नाही, तिचं नुकसानही नाही. नागनिकेनं दोन हजार वर्षांपूर्वी गायी मोजून कोरून ठेवल्या. आपण आपल्या भाकऱ्या अजून मोजत नाही.

आता मोजू या. समजा, वीस ट्रेकर आले. सकाळचे पोहे-चहा आणि दुपारचं जेवण असं मिळून माणशी १०० रुपये घेतले. झाले २,००० रुपये. किराणा, भाजी, तांदूळ, गॅस, पाणी भरून आणणं, भांडी, सगळा मिळून खर्च धरा १,५०० रुपये. उरले ५००. काम केलं चार बायांनी, पहाटे पाच ते दुपारी दोन. प्रत्येकीला सव्वाशे रुपये, नऊ तासांचे! त्यापेक्षा निंदणीला गेलेली बरी.

तेच माणशी १५० रुपये घेतले तर ३,००० रुपये होतात. खर्च तोच, १,५००. चार बायांची मजुरी प्रत्येकी ३०० धरली तर १,२००. तरी ३०० रुपये उरतात. हे ३०० रुपये कुणाच्या घरी न्यायचे नाहीत. ते कोठीत टाकायचे. वर्षाकाठी असे वीस रविवार मिळाले तर ६,००० रुपये होतात. फार नाहीत, पण बंद पडलेल्या महिन्यात चार घरांचं तेल-मीठ, एखाद्या पोरीची फी, बियाण्याची पिशवी त्यातून निघते. भाई कोतवालांची धान्यकोठी ती हीच.

“जास्त पैसे मागितले तर येणार नाहीत,” असं काही जणी म्हणतात. माझा अनुभव सांगते. आम्ही भाव वाढवला तेव्हा मलाही धाकधूक होती. एका दादांनी विचारलंही, “मावशी, मागच्या वेळी तर शंभर होते.” मी त्यांना वही दाखवली. किराणा इतका, मजुरी इतकी. ते म्हणाले, “बरोबर आहे.” आणि पुढच्या वेळी आणखी बारा जणांना घेऊन आले. भाव लाजत सांगितला की घासाघीस होते, हिशेब दाखवून सांगितला की होत नाही.

एका चुलीवर सगळं नको

दुसरी गोष्ट. पाहुणा हा वरकड पैसा आहे, तो मूळ पैसा समजू नका. आपल्याकडे साथ नसली तरी पावसाळ्यात छोटी टाळेबंदी लागतेच. धबधब्यांवर अपघात होतात, माणसं वाहून जातात आणि जिल्हा प्रशासन सिद्धगड, गोरखगड, माळशेज, नाणेघाट अशा ठिकाणी बंदीचा आदेश काढतं. त्यावर रागावून उपयोग नाही, जीव मोठा. पण ते दोन महिने आधीच हिशेबात धरले पाहिजेत. लावणी तेव्हाच असते, म्हणजे हात रिकामे नसतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

शहापूरकडची एक हकीकत ऐकण्यासारखी आहे. साथीच्या काळात गुळवेलीला मागणी आली. शहापूरच्या वनधन केंद्रातल्या कातकरी तरुणांनी रानातून गुळवेल गोळा केली, वाळवली आणि मोठ्या औषध कंपन्यांकडून ३५० टनांची, दीड कोटी रुपयांवरची मागणी मिळवली. एकीकडे पाहुणे बंद, दुसरीकडे रानच उपयोगी पडलं. शेत आहे, रान आहे, कोंबड्या आहेत, गट आहे आणि पाहुणा आहे, असे चार-पाच टेकू असले की एक निसटला तरी घर पडत नाही. पण रान ओरबाडून विकायचं नाही, हेही त्यातच आलं. सिद्धगडाचं रान भीमाशंकर अभयारण्यात येतं, तिथं शेकरू आहे, तिथले नियम कडक आहेत. शेवळं, भारंगी, करटोली आपण खाण्यापुरती आणि ताटात वाढण्यापुरती घ्यावीत, मुळासकट उपटू नयेत. पुढच्या पावसाळ्यात पाहुणा त्याच चवीसाठी येणार आहे.

तिसरी गोष्ट कागदाची. महाराष्ट्र सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आणि २०२३ मध्ये बायांसाठी खास ‘आई’ नावाचं पर्यटन धोरण. त्यात बाईच्या मालकीच्या आणि तिनंच चालवलेल्या पर्यटन धंद्याला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो, साडेचार लाखांच्या मर्यादेपर्यंत. त्यासाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, आणि हप्ते वेळेवर भरावे लागतात. मी म्हणत नाही की उद्याच कर्ज काढा. दुसऱ्या लाटेत कर्जानं कसं बुडवलं ते आत्ताच सांगितलं. पण नोंदणी करून ठेवा. पुन्हा कधी वाट बंद झाली तर निदान यादीत आपलं नाव असेल. एक जपा. मालक म्हणून सही बाईची आणि पैसा मोजणारा भलताच, असं होऊ देऊ नका.

आपणही वाटसरू

शेवटची गोष्ट थोडी गोड. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून आपल्यातल्या किती जणी देवदर्शनाला, माहेरी, म्हशाच्या यात्रेला निघाल्या! साथीनंतर वाटेवर परतलेल्यांत आपणही आहोत. परदेशी पाहुणे मोजणारे आपल्याला मोजत नसतील, पण गटातल्या वीस जणी मिळून नाणेघाटाला निघाल्या तर तीही सहलच. नागनिकेचा लेख दाखवायला मुंबईची माणसं मुलांना घेऊन येतात. आपल्या पोरींनी तो कधी पाहिलाय? पोरीला तिथं उभी करून सांगा, ही अक्षरं एका राणीची आहेत, ती हिशेब ठेवायची.

आणि २ जानेवारीला पहाटे स्मारकाशी चहा घेऊन उभ्या राहाल, तेव्हा येणाऱ्याला नुसता चहा देऊ नका. भाई कोतवालांनी मनोरे पाडायच्या आधी धान्याच्या कोठ्या भरल्या होत्या, तेही सांगा. ही गोष्ट सांगणारी बाई त्या गावची वाटाडीच झाली. तिचेही पैसे घ्यायला लाजायचं नाही.

पुढच्या बैठकीसाठी तीन कामं देते. एक, पाहुण्यांच्या जेवणासाठी वेगळी वही घाला आणि पहिल्या पानावर कष्टाचे तास लिहा. दोन, कोठीचा डबा ठरवा, तो कधी उघडायचा तेही ठरवा, आणि किल्ली एकीकडे, वही दुसरीकडे ठेवा. तीन, गटातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला विचारा, तिच्या आजीनं प्लेगाची, मानमोडीची काय गोष्ट सांगितली होती. १९१८ च्या त्या तापाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. ती गोष्ट लिहून आमच्याकडे पाठवा, आपण ती रेडिओवर वाचू.

साथ पुन्हा येऊ नये, हीच इच्छा. पण वाट पुन्हा कधी बंद झालीच, तर आपण वेशीवर उभं राहून रस्त्याकडे पाहत बसू नये. कोठीत पसाभर तरी असावं.

चहा उकळला असेल. घ्या आता. पुढच्या भाषणात भेटू. नमस्कार.